चिंचेने धुतलेली नाणी

३ ऑगस्ट, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. वाचणारा कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प: मालतीच्या वर्षश्राद्धाच्या आत हुबळीत उणकलला फ्लॅट बुक करायचा. वर्षश्राद्ध ११ ऑक्टोबरला. भरपूर वेळ आहे. आमच्या ऑफिसात एवढ्या वेळात एक फाईल टेबलावरून हलत नसे, पण मी आता रिटायर्ड आहे.

पैशाची सोय: नाणी. टांकसाळीतून फॉर्म भरभरून मागवलेले स्मारक नाण्यांचे सेट, चाळीस. कोणाची जन्मशताब्दी, कुठल्या खात्याची सुवर्णजयंती. लोक पेढे खाऊन मोकळे झाले, मी नाणी घेऊन ठेवली.

हिशोब सोपा आहे. २००९ साली सावनीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला पैसे कमी पडले. मी छातीवर दगड ठेवून एक सेट काढून दिला. स्वतः विकायला जाणं मला झेपलं नसतं, म्हणून मालती गेली. चार दिवसांनी चाळीस हजार घेऊन आली. एका सेटचे. तेव्हाचे. ऑफिसात मला 'चिल्लर' म्हणणारे दुसऱ्या दिवशी गप्प. तर आज चाळीस सेटचे किती? थोडं कमी धरलं तरी फ्लॅट होऊन वर सोफा येतो.

मालतीला उणकलला राहायचं होतं, थोरल्या बहिणीच्या, अंबूताईंच्या शेजारी. आम्ही राहिलो केलगेरीत, भाड्याने. मी म्हणायचो, नाणी पिकू देत. दर लक्ष्मीपूजनाला पाटावर हीच नाणी असत. पूजेआधी ती विचारायची, यंदा किती झाली हो किंमत? मी आकडा सांगायचो. ती डोळे मोठे करून म्हणायची, राहू देत मग अजून एक वर्ष. दूरदृष्टीची बाई. शब्द दिलेला आहे, तो पाळणार. ती नाही म्हणून शब्द रद्द होत नाही.

चहा दोन कप झाला. सवय. दुसराही मीच प्यायलो, टाकायचा कशाला.

४ ऑगस्ट, सोमवार

सावनीचा बेंगळूरहून फोन. अप्पा, जेवलात का. जेवलो म्हटलं. काय जेवलात. हे तिने विचारायला नको होतं. मेतकूट-भात म्हणजे जेवण नव्हे असं तिचं मत आहे. इकडेच या म्हणाली, एक खोली रिकामी आहे. मी म्हटलं, मला इथे अजिबात एकटं वाटत नाही. बराच वेळ काही बोलली नाही. पटलं असावं.

फ्लॅटचं सांगितलं नाही. सरप्राइज.

१० ऑगस्ट, रविवार

चिगरी नावाच्या सिटी बसने उणकल. बिल्डरच्या ऑफिसात भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी. नावच शुभशकुन. तिने तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके दाखवला. बाल्कनीतून तलाव दिसतो. समोरचं बांधकाम वर गेलं की दिसणार नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. ओट्याची उंची हाताने मापून बघितली. मालतीला बरोबर होईल. पाठदुखी आहे तिला, वाकायला लागणार नाही.

मग लक्षात आलं. मुलीला म्हटलं, ओटा ठीक आहे.

लोन का कॅश, तिने विचारलं. मी म्हटलं, नाणी. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

तिथून अंबूताईंकडे. अवलक्की, म्हणजे पोहे, आणि चहा दिला. सगळा बेत सांगितला. राघण्णा, त्या नाण्यांचं डोक्यातून काढा म्हणाल्या, आहेत तशी असू देत. मी चाळीस हजारांची आठवण दिली. त्या एकदम उठल्या आणि माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. वय झालं त्यांचं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

यूट्यूबवर एक गृहस्थ सांगतो, देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं. माझ्याकडे तसली सात आहेत! दोन फ्लॅट घ्यावेत का? एक अंबूताईंच्या समोर, एक त्यांच्या डोक्यावर.

व्हिडिओतल्या नंबरवर फोन केला. माणूस अतिशय नम्र. रजिस्ट्रेशन फी अडीच हजार, ऑनलाइन. भरली.

१६ ऑगस्ट, शनिवार

नम्र माणूस आता जीएसटीचे साडेसात हजार मागतोय. सावनीला सहज विचारलं, अशी पद्धत असते का. ती फोनवर ओरडली. मग रडली. मग बँकेला फोन करून माझं ॲप बंद करवलं. अडीच हजारांसाठी एवढं रडणं मला समजलं नाही. गुंतवणुकीत जोखीम असतेच.

संकल्प: यापुढे व्यवहार फक्त समोरासमोर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सुभाष रोड. महांतेशचं दुकान. पुढे घड्याळांची दुरुस्ती, मागच्या कपाटात जुनी नाणी आणि स्टॅम्प. मालतीने तो सेट विकला तो याच दुकानात. मी कधी गेलो नव्हतो. आपला सेट दुसऱ्याच्या कपाटात बघवला नसता.

नमुन्याला पाच सेट नेले होते. मालतीने हिरव्या खणाची पिशवी शिवली होती, तिच्यात. महांतेश नाण्यांऐवजी पिशवीकडेच बघत बसला. धंद्यात लक्ष नाही. मी ओळख सांगितली, २००९, सेट, चाळीस हजार, बरोबर ना? जरा वेळाने म्हणाला, हौद्री सर, बरोबर. अक्का कशा आहेत विचारलं. गेली, मागच्या ऑक्टोबरमध्ये, म्हटलं. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढून ठेवलं.

मग भाव विचारला. ईग बेडरी सर, आता नको म्हणाला. मार्केट नाही, घरातच असू देत. मी खूप खोदून विचारलं, आकडा काही सांगेना.

यातला अर्थ न कळायला मी दूधखुळा नाही. आकडा एवढा मोठा आहे की त्याला परवडत नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

वर्ष सरलेलं नाही म्हणून गणपती बसवला नाही. शेजारच्या संगीताने कडबू आणून दिले. एका माणसाला पुरतील एवढे. बरोबरच आहे, जास्त दिले असते तर वाया गेले असते.

डबा धुऊन परत देताना आठवलं की रिकामा द्यायचा नसतो. साखर घातली. चमचाभर साखर डब्याच्या तळाशी फार थोडी दिसत होती, म्हणून अजून घातली. मालती किती घालायची ते कधी बघितलंच नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेंगळूरचा अभिषेक भेटला. घेणारा आहे, पोराला कळतं. सगळ्या सेटचे फोटो पाठवले. अंकल, क्लीन केलीत का, असा मेसेज. मी अभिमानाने लिहिलं, दर दिवाळीला, चिंच लावून, वर रांगोळीने घासून, लखलखीत.

मग म्हणाला, प्रूफ, म्हणजे संग्रहासाठी खास पाडलेल्या नाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्याला बोटही लावायचं नाही. एकदा घासलं की संपलं. सॉरी अंकल.

तीनदा वाचलं.

मला स्वच्छ आठवतं. सावनी हॉस्टेलला गेली त्या वर्षीच्या दिवाळीत हे सुरू झालं. तोपर्यंत नाणी सीलबंद, कपाटात. मालती म्हणाली, प्लॅस्टिकच्या आतल्या लक्ष्मीला कुंकू कसं लावू? मी नको नको म्हणत असताना डब्या उघडल्या आणि परातीत चिंचेचं पाणी घेऊन बसली. घासल्यावर चकाकी आली. चकाकी वाढली म्हणजे किंमत वाढली, असं समजून मी गप्प बसलो.

तर हे मालतीने केलं. लिहून ठेवतो. मी जन्मभर जमवलं आणि हिने चिंच लावून घालवलं. फ्लॅट तिलाच हवा होता आणि तिनेच बुडवला.

६ सप्टेंबर, शनिवार

आज फोटोला हार घातला नाही. फुलं महाग होती.

७ सप्टेंबर, रविवार

हार घातला. फुलं उतरली.

१५ सप्टेंबर, सोमवार

विचार केला, सेट राहू देत, सुटी स्मारक नाणी तरी आहेत. त्यांना बाजारात काय मान आहे ते पाहावं. भाजीवालीला कोथिंबिरीचे म्हणून दहाचं नाणं दिलं. त्यावरचा शताब्दीचा मजकूरही वाचून दाखवला. नडियंगिल्लरी म्हणाली, चालत नाही, नोट द्या. अहो हे सरकारी नाणं आहे, म्हटलं. असेल, पण तिच्याकडून पुढे कोणी घेत नाही.

मागच्या गिऱ्हाइकाने माझे दहा रुपये भरले. मी त्यांना ते नाणं देऊ केलं. त्यांनीही घेतलं नाही.

कोथिंबीर आणली खरी. कशात घालतात? मेतकूट-भातात कोथिंबीर नसते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज सोक्षमोक्ष. सगळे चाळीस सेट दोन पिशव्यांत भरून रिक्षाने सुभाष रोडला. महांतेशला म्हटलं, बेडरी-बिडरी काही नाही, आकडा सांग. त्याने तासभर एकेक नाणं भिंगाखाली धरलं. चांदीची होती ती वजनावर मोडीत, बाकीची अशीतशीच. सगळ्याचे मिळून एकोणीस हजार.

चाळीस सेट मिळून त्या एका सेटएवढेही नाहीत!

मी तिथेच हिशोब मांडून दाखवला. तो एक सेट धुतलेला नव्हता, त्याचे चाळीस हजार आले. हे धुतलेले, यांचे एकोणीस. म्हणजे उरलेलं सगळं चिंचेत गेलं. आवाज जरा चढला असेल. माझ्या बायकोने माझी माती केली असं म्हणालो. अडाणी म्हणालो. रस्त्यावरचे लोक आत बघायला लागले.

महांतेशने शटर अर्धं ओढलं. कुंद्री सर म्हणाला. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग जे बोलला ते लिहून ठेवतो.

अक्का आल्या होत्या त्या अजून एका अक्कांबरोबर. याच हिरव्या पिशवीतून सेट काढला. त्याने भाव सांगितला, नऊशे. हुबळीत कोणी जास्त देईल का, एवढंच मालतीने विचारलं. नाही म्हटल्यावर सेट पुन्हा पिशवीत ठेवला. विकलाच नाही. जाताना म्हणाली, आमच्या घरचे कधी विचारायला आले तर चाळीस हजारांना घेतला म्हणून सांगा. ऑफिसात सगळे त्यांना हसतात, त्यांचं एवढं एक राहू दे.

महांतेश म्हणाला, सर, मी अक्कांना शब्द दिला होता, आज मोडला. तुम्ही अक्कांना अडाणी म्हणालात, ते मला ऐकवलं नाही.

न धुता किती आले असते, मी विचारलं. बावीस, म्हणाला.

म्हणजे चिंचेने तीन हजार गेले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काही नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

चाळीस हजार आले कुठून, हे दोन दिवस मी मुद्दाम विचारात घेतलं नाही. पण मला माहीत आहे.

पाटल्या. २००९च्या जूनमध्ये मालती म्हणाली होती, पाटल्या घट्ट होतात, काढून ठेवल्या. मी म्हटलं होतं, भात कमी कर. विनोद केला होता. ती हसली होती.

त्यानंतर हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. मागच्या वर्षी हॉस्पिटलात नर्सने त्या उतरवल्या तेव्हा मी शेजारी उभा होतो. साबण लागला नाही, तेल लागलं नाही. हात जरा खाली केला तर आपोआप निघाल्या.

आणि मी दर दिवाळीला तिला आकडा सांगत होतो. दर वर्षी वाढवून. नऊशेचा भाव कानाने ऐकून आलेली बाई माझ्यापुढे डोळे मोठे करायची. बाजारात नाहीत तर नाहीत, देवापुढे तरी मानाने बसू देत म्हणून तिने चिंच भिजवली असेल. असेल कशाला, तसंच. मी तिला दूरदृष्टीची म्हणत होतो. मला जवळचंही दिसलं नाही.

फार वाईट वाटतंय. हे लिहायला लाज नाही, वाचणारा कोणी नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

भाग्यलक्ष्मीचा फोन. सर, सणाची ऑफर आहे, मॉड्युलर किचन फ्री. विचार करून सांगतो म्हटलं. सर, तिसऱ्या मजल्याचा तो एकच उरलाय. म्हटलं, बाई गं, कोणाला तरी देऊन टाक, ओटा चांगला उंच आहे असं सांग.

११ ऑक्टोबर, शनिवार. वर्षश्राद्ध.

सावनी काल आली. अंबूताई सकाळीच हजर. फ्लॅट बुक झालेला नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

पानं उठल्यावर अंबूताईंनी मला आत बोलावलं. पदराखालून स्टीलचा डबा काढला. आत तो सेट. सीलबंद, मखमल तशीच. इतकी वर्षं त्यांच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली. मालतीने ठेवायला दिला होता, ह्यांच्या हाताला लागू देऊ नकोस म्हणून. महांतेशकडे तिच्याबरोबर ह्याच होत्या. पाटल्या मोडतानाही. मी विचारलं, तेव्हा ती रडली का हो? अंबूताई म्हणाल्या, छे, सोनाराकडून निघाल्यावर गाडीवरचं गिरमिट, मसाल्याचे चुरमुरे, खाऊ म्हणाली. दोघींनी खाल्लं. मग अंबूताई स्वतःच रडल्या.

म्हणजे उणकलला राहायला आमच्या घरातलं कोणीतरी गेलं होतं.

सावनीने विचारलं, अप्पा, हे काय. म्हटलं, तुझी ॲडमिशन. तिला कळलं नाही. मग सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी बसून राहिली. बेंगळूरला चला असं आज एकदाही म्हणाली नाही. दिवाळीनंतर बघू, असं मीच म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

सावनी येते म्हणत होती, मी नको म्हटलं. कारण दिलं नाही.

दुपारी चिंच भिजवली. किती घ्यायची माहीत नव्हतं, फार झाली. परातीत सगळी नाणी घातली. भाजीवालीने परत दिलेलं दहाचंही. बोटं झोंबायला लागली. तिची झोंबत असतील, कधी बोलली नाही.

शेवटी तो सेट घेतला. अभिषेकला फोटो पाठवला होता. अंकल, सील असंच ठेवा, दीड हजार सहज देईन म्हणाला. कात्रीने सील कापलं. नाणी बाहेर काढली, चिंच लावली, रांगोळीने घासली. चांगली लखलखली.

पाट मांडला. पाटाशेजारी तिचा फोटो आणून ठेवला. हळदकुंकू वाहिलं. आणि दरवर्षीसारखा थांबलो.

कोणी विचारलं नाही. बाहेर पोरांचे फटाके चालू होते, ते संपेपर्यंत थांबलो. तरी नाही.

मग मीच सांगितलं. मालती, यंदा एकोणीस हजार. तो तुझा सेट धरून.

पुढचं वाक्य तिचं असायचं. ते मला पाठ आहे, म्हणून मीच म्हटलं. राहू देत मग अजून एक वर्ष.